वरच्या मजल्याच्या सळया

माळेवाडीत माणसं अडीचशे आणि गच्च्यांवर उभ्या राहिलेल्या सळया काही हजार. कुणी बसून मोजलेलं नव्हतं, पण एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला आधी सळया दिसत आणि माणूस दिसायला पाच-दहा मिनिटं लागत.

त्याचं कारण सांगायला हवं. विट्याच्या आसपासच्या गावांतले पुरुष पिढ्यानपिढ्या सोनं गाळायला परमुलखात जातात. सेलम, कोईमतूर, विजयवाडा, कुठं कुठं. भट्टी तिकडे, घर इकडे. आणि घर बांधायचं ते एकदम पुरं करायचं नाही, अशी इकडची रीत. खालचा मजला झाला, स्लॅब पडला, की प्रत्येक खांबाच्या डोक्यातून कंबरभर उंचीच्या सळया तशाच वर सोडून द्यायच्या. पोरगा कर्ता झाला की त्यांना जोडून वरचा मजला चढवायचा, तो त्याचा. सळया कापल्या तर घर खुंटलं, असं बायाबापड्या सांगत. त्यामुळे कुणी कापत नसे. पोरगे कर्ते झाले, परमुलखातच रमले, त्यांची पोरंही कर्ती झाली. सळया आपल्या उभ्याच.

शालनकाकी देवकरांच्या गच्चीवर अशा छत्तीस होत्या, नऊ खांबांच्या चार-चार. घर बांधलं २०१४ साली, तेव्हा त्यांचा ऋतुराज बारा वर्षांचा होता. आता २०४४ उजाडलं होतं. ऋतुराज बेचाळीस वर्षांचा बाप्या झाला होता. सेलममध्ये सोनं गाळायचं, गलाईचं दुकान, बायको स्नेहल, सतरा वर्षांची मुलगी आर्वी. काकींचे मालक हिंदुराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. काकी एकट्याच राहत. दर दिवाळीला ऋतुराज म्हणे, "आई, वरचा मजला झाला की येतोच आम्ही कायमचे," आणि काकी त्या एका वाक्यावर पुढचं सबंध वर्ष काढत.

यंदा त्या वाक्याला शेपूट फुटलं होतं. तीस वर्षं झालेल्या प्रत्येक पक्क्या घराला भारदाखला हवा, असा नियम आला होता. घर किती वजन पेलतं, वर आणखी मजला चालेल का, हे यंत्राने तपासून लिहून द्यायचं. ऋतुराज फोनवर म्हणाला, "दाखला येऊ दे आई. घर पेलतंय म्हटल्यावर पाडव्याला कामच धरू." काकींनी ताबडतोब कॅलेंडरवर पाडव्याभोवती पेनाने गोल काढला आणि शेजारपाजारी तीनदा सांगून आल्या.

दाखला द्यायला आली ती मिरजेची नसीमा मुलाणी. तिशीतली, बोलायला मोकळी, पाठीवर पेटी. पेटीतून तिने रुपयाएवढ्या चकत्या काढल्या आणि शिडीवर चढून छताला, तुळयांना, खांबांना चिकटवत सुटली.

"हे कान आहेत, काकी."

"भिंतीला कान असत्यात म्हणत हुते, तू खरंच बसवाय लागलीस की गं."

चहा पिता पिता नसीमाने समजावून सांगितलं. काँक्रीट दाबाला भारी, पण ताणलं की लगेच तडकतं. स्लॅबवर वजन आलं की तो मधे किंचित वाकतो. वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. म्हणून खालच्या अंगाला सळया घालायच्या, ताण त्यांनी सोसायचा. स्लॅबचं वजन तुळईवर, तुळईचं खांबावर, खांबाचं पायावर. काँक्रीट किती मजबूत, सळई किती जाड आणि नेमकी कुठे बसवलेली, एवढं ठाऊक असलं की किती पेलेल याचं गणित कागदावर सुटतं. पण जुन्या घरात यातलं काहीच दिसत नाही, आणि देवकरांच्या घराचा नकाशा म्हणजे गवंड्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर ओढलेल्या चार रेघा. पूर्वी मग गच्चीवर वाळूची पोती रचत, नाहीतर पाणी भरत, आणि स्लॅब किती वाकतो ते बघत. आता हे कान आतल्या आत सगळं ऐकून सांगत.

"आणि काँक्रीटला आठवण असते, काकी. वजन पडलं की आत केसाहून बारीक चिरा पडतात, त्यांचा आवाज होतो. आपल्याला ऐकू येत नाही, यांना येतो. पण एकदा जेवढं सोसलं, तेवढंच पुन्हा ठेवलं तर ते गप्प राहतं. त्याहून जास्त झालं तरच बोलतं. म्हणजे आजवरचं सगळ्यात मोठं ओझं त्याला पाठ असतं. शिवाय एखादं वजन महिनोन्महिने राहिलं, तर काँक्रीट हळूहळू दबतं आणि ते दबणं पुरतं परत जात नाही. त्यावरून कुठं, किती, कधी नि किती दिवस, ते आम्ही उलटं मोजत जातो."

"समदं आठवतं त्याला?"

"सगळं नाही. मोठं असेल, नाहीतर लई दिवस राहिलेलं असेल, तेवढंच."

"माझ्यापरीस बरं हाय मग," काकी म्हणाल्या आणि तिला आणखी अर्धा कप ओतला.

या आठवणीपायी तालुक्यात बऱ्याच भानगडी झाल्या होत्या. एका थोरल्या भावाने कोईमतूरच्या धाकट्याला दहा वर्षं सांगितलं होतं की तुझ्या खोलीला कुलूप आहे, वर कुणी फिरकत नाही. स्लॅब म्हणाला, तिच्यात तीन वर्षं खताच्या पोत्यांची थप्पी होती. दोघे भाऊ आता कोर्टातच भेटतात. यंत्र आणलं घराची ताकद मोजायला आणि ते चहाड्या सांगायला लागलं. पण शालनकाकींना त्याची भीती नव्हती. आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे, असं त्यांना वाटत होतं.

कान आठ दिवस तसेच राहिले. काकी रोज सकाळी वर जाऊन सळयांना बांधलेल्या दोरीवर लुगडं वाळत घालत आणि खाली येताना छताकडे बघून म्हणत, "ऐकलास न्हवं? नीट लिहून घे. चांगलं सांग पोरीला."

नवव्या दिवशी नसीमा आली ती हसतच. "काकी, स्लॅब एक नंबर आहे. तुळया पण. तीस वर्षांचा वाटतच नाही. पाणी कुणी मारलं होतं याला?"

काकींचा चेहरा उजळला. पाणी हिंदुरावांनी मारलं होतं. लोक सात दिवस मारतात आणि हात झटकतात. हे सेलमहून खास रजा काढून आले होते. स्लॅबवर मातीची आळी घालून एकवीस दिवस पाणी तुंबवून ठेवलं, एक दिवस खाडा नाही. "तहानलेला स्लॅब पुढं जन्मभर रडतो," असं म्हणत.

"आणि सगळ्यात मोठं ओझं एकाच वेळी सगळ्या गच्चीवर आलंय. साधारण दीडशे माणसं असावीत."

"ऋतूची हळद! एकशे साठ पानं उठली हुती वर. परमुलखातनं समदी आल्याली." काकींना ती पंगत दिसायला लागली, वाढपी, गुळवणी, वर चढता-उतरताना जिन्यात होणारी चेंगराचेंगरी. एवढी माणसं या घरावर त्यानंतर कधी आली नाहीत. "मग पोरी, मजला चढतोय म्हण की."

नसीमाने टॅब मांडीवर पालथा ठेवला. "स्लॅब चांगला आहे, काकी. खांब नाहीत."

एका खांबावर आज बारा टन भार होता. वर मजला आला की बावीस टन होणार. निर्धोक म्हणायचं तर खांब तीस टनांचा हवा. बांधला तेव्हा तो तेवढा होता. आता अठराचा उरला होता आणि दर वर्षी घटत होता. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की भोवतीचं काँक्रीट फोडतं, त्या फटीतून पाणी आणखी आत जातं. वरच्या उघड्या सळयांवरून हा गंज खांबांमध्ये दोन-दोन हात खाली उतरला होता.

"म्हंजे ज्या सळया वरच्या मजल्यासाठनं ठेवल्या, त्यांनीच..."

"हो, काकी."

काकींनी पदराने तोंड पुसलं. मग त्या कामाचं बोलल्या. "उपाय सांग."

"दोन आहेत. एक, सळया मुळापासून कापायच्या, खांबांची डोकी साफ करून बंद करायची. घर आणखी चाळीस वर्षं ठणठणीत राहील. पण वर मजला नाही. दुसरा, नऊच्या नऊ खांबांना फरशी उखडून पायापासून नवं कवच घालायचं. सहा महिने तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल. होतं ते. पण वर राहायला कुणी नक्की येणार असेल, तरच करावं. आणि काहीच न करता ठेवलं तर सात-आठ वर्षांनी मीच येऊन तुम्हाला घराबाहेर काढीन."

"येणार हाय की. ऋतू येणार हाय."

"मग दुसरं लिहिते." नसीमाने टॅब पुन्हा उचलला. "तेवढं एक राहिलं. तुम्ही मघाशी हळदीचं बोललात, पण सगळ्यात जास्त दिवसांचं ओझं वेगळंच आहे. जिन्याच्या बाजूला, तुळईच्या कडेकडेनं. सहा टन. सतरा वर्षांमागं चार-साडेचार महिने होतं, मग उतरवलंय. विटा असाव्यात, दोनेक हजार. ज्यानं रचल्या त्याला कळत होतं, मधे न ठेवता बरोबर तुळईवर रचल्यात."

"न्हाय गं बाई. आमच्या गच्चीवर कवाच विटा न्हवत्या. तुझं यंत्र चुकलं."

"चुकत नाही ते इतकं."

"मी घरात ऱ्हातीया का तू?" काकी चिडल्या. पण चिडता चिडता त्यांची बोटं मांडीवर वर्षं मोजायला लागली. सतरा वर्षांमागं. आर्वीचा जन्म. सुनेचं बाळंतपण करायला त्या सेलमला गेल्या होत्या, पाच महिने राहिल्या होत्या. हिंदुराव एकटेच घरी होते. आणि त्या परत आल्या तेव्हा मारुतीच्या देवळाला नवा विटांचा कट्टा झालेला होता. कुणी बांधला विचारल्यावर हिंदुराव म्हणाले होते, "दिल्या कुणीतरी विटा."

म्हणजे मालकांनी त्यांना न सांगता वरच्या मजल्याला हात घातला होता. सून-नात घेऊन शालन येईल, तोवर वर भिंती उभ्या दिसतील, असा बेत असणार. तसा स्वभावच होता त्यांचा. आणि मग विटा उतरवून देवाला देऊन टाकल्या. कशाला?

त्या नसीमाला घेऊन वर गेल्या. नसीमाने एका सळईच्या बुडाशी चिकटलेला पापुद्रा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. कांद्यासारखे थरावर थर होते. "हे बघा, सिमेंटचं पाणी. दर वर्षी कुणीतरी लावलंय. एकवीस थर आहेत. शेवटचा नऊ वर्षांमागचा. तोवर गंजाचं नाव नव्हतं."

हे काकींना ठाऊकच होतं. दर मे महिन्यात हिंदुराव डबा आणि ब्रश घेऊन वर बसत. नोकरदार माणूस सुट्टीच्या दिवशी गाडी धुतो तसे एकेक सळई रंगवत. काकी खालून ओरडत, "मजला चढवा की! नुसतं रंगवत काय बसलाय?" ते म्हणत, "पोराचं हाय. जपाय पायजे." काकींना यात काही वेगळं वाटलं नव्हतं. पण विटा उतरवल्यानंतरही आठ वर्षं? ज्या माणसाने मजल्याचा बेत मोडला, तो पुढे आठ उन्हाळे त्याच मजल्याच्या सळया कशासाठी जपत होता?

"दाखल्यावर आज काय लिहू नगंस," त्या म्हणाल्या. "मला एकाला इचारू दे."

संध्याकाळी ऋतुराजचा चेहरा भिंतीवरच्या पडद्यावर उमटला. मागे दुकान दिसत होतं. काकींनी जेवणखाण, तब्येत काही विचारलं नाही.

"ऋतू, आर्वी झाली तवा तुझ्या अण्णांनी गच्चीवर विटा चढवल्या हुत्या?"

त्याने मागे वळून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"स्लॅबनं."

ऋतुराज खुर्चीत बसला. "आई, तू तेव्हा इकडं होतीस. अण्णांचा फोन आला, विटा वर चढवल्यात, गवंडी ठरवलाय, तुझ्या आईला सांगू नको. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अण्णा, बांधू नका. आम्ही इथंच राहणार. पोरगी इथं वाढणार, दुकान इथं, स्नेहलचं माहेर पण इथंच. कोण येणार तिकडं? अण्णा म्हणाले, बरं. आईला मी सांगतो, तू सांगू नको."

"मग सांगितलं का न्हाईत मला?"

"मी दिवाळीला आलो, तर जेवताना तू विचारलंस, कवा चढवायचा मजला? मी अण्णांकडं बघितलं. ते म्हणाले, चढवू की, घाई काय हाय. मग मी पण तेच म्हणत गेलो, आई. एकदा म्हटलं, मग दर वर्षी म्हणावं लागलं."

काकींनी फोन बंद केला. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं ते पोरासाठी कमी, नवऱ्यासाठी जास्त. पोरगा येणार नाही हे त्यांच्या मनाला कुठेतरी ठाऊक होतं. न कळायला त्या काही कुक्कुलं बाळ नव्हत्या. पण या माणसाने ते एकट्याने आठ वर्षं पोटात ठेवलं. त्या खालून टोमणे मारत होत्या आणि हा वर उन्हात बसून, कधीच न होणारा मजला बायकोसाठी गंजू देत नव्हता. हिंदुराव आत्ता समोर असते तर काकींनी त्यांना चार शब्द सुनावले असते, चांगलं भांडण काढलं असतं, आणि मग त्यांच्याजवळ बसल्या असत्या. दोघांनी मिळून पोराची वाट बघणं सोडलं असतं. ते एकत्र करायचं काम होतं, ते राहून गेलं. नऊ वर्षांत नवऱ्याची एवढी आठवण त्यांना कधी आली नव्हती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सकाळी त्यांनी नसीमाला फोन लावला. "पहिलं लिही. कापायच्या."

"काकी, मुलाशी बोललात?"

"बोलले. आता कुणाला इचारायचं न्हाय."

आठवड्याने नसीमा भगवान नावाच्या कारागिराला कटरसकट घेऊन आली. नियमाप्रमाणे काम सगळ्या घरमालकांना दाखवायचं असतं आणि घराच्या उताऱ्यावर ऋतुराजचंही नाव होतं, म्हणून तिने फोन गच्चीच्या कठड्यावर उभा करून त्याला जोडून घेतलं. काकींनी त्याच्याकडे बघितलं नाही. पदर खोचून त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

पहिल्या खांबाच्या चार सळया दहा मिनिटांत पडल्या. ठिणग्या उडत होत्या, गच्चीवर जळक्या लोखंडाचा वास पसरला. दुसरा खांब झाला, तिसरा झाला. खाली रस्त्यावर तीन-चार म्हातारी माणसं गोळा होऊन मान वर करून बघत राहिली. गावात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी हळूच म्हणालं, "देवकरीणबाईंनी घर खुंटवलं." काकींनी ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं.

आठ खांब झाले. भगवान नवव्याकडे वळला, तेव्हा फोनमधून आवाज आला.

"थांबा. ओ, थांबवा जरा."

भगवानने कटर बंद केला. नसीमाने फोन उचलून काकींच्या हातात दिला.

"आई, एक राहू दे. एवढा एकच खांब."

"कशाला?"

"राहू दे गं." ऋतुराजचे डोळे लाल झाले होते. "मी इथं वीस वर्षं कशाच्या जोरावर काढली, तुला काय सांगू? दुकानात कुणी टाकून बोललं, इथल्या पोरांनी आर्वीला परकी म्हटलं, काही झालं की मनात म्हणायचो, जाऊ दे. तिकडं आपल्या नावच्या सळया उभ्या आहेत. आज ना उद्या जाऊच. जायचं नाही हे ठाऊक होतं, तरी म्हणायचो. मला वाटायचं अण्णांनी त्या तुझ्यासाठी ठेवल्यात. आत्ता त्या पडताना बघितल्या तेव्हा कळलं, माझ्यासाठी पण होत्या."

काकी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघत होत्या. कानशिलं पांढरी झालेली, बापासारखीच कपाळावर आठी. वाट बघणारी आपण एकटीच, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. पोराला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं आणि हातात फोन होता.

"त्या खांबात पण गंज उतरलाय, ऋतू. एक ठेवला तरी तो समदं घर खाली घिऊन जाईल. ह्या पोरीला इचार."

नसीमाने होय म्हणून मान हलवली.

"मग मी आलो तर राहू कुठं?" बेचाळीस वर्षांच्या माणसाने विचारलं, आणि आवाज बारा वर्षांच्या पोराचा होता.

"खाली," काकी म्हणाल्या. "माझ्याजवळ. सुट्टी पडली की ये. चार दिवसांसाठनं ये, न्हाईतर दोन. मजल्याची वाट बघत बसू नगं."

तो पलीकडे तोंडावर हात घेऊन रडत होता. काकींनी फोन छातीशी धरला आणि भगवानला खूण केली. त्याने कटर पुन्हा सुरू केला.